संकेतस्थळावरची चतुःसीमा

माझ्या संकेतस्थळावर आज चार ओळी आहेत. माझे नाव, ‘अर्जनवीस’ हा व्यवसाय, बसण्याची जागा आणि बसण्याची वेळ. पान पांढरे, अक्षर काळे, चित्र एकही नाही. या अंकाच्या संपादकांनी मला कळवले की सीमाभागातील अर्जलेखनाच्या धंद्यातले काही मजेशीर अनुभव लिहून पाठवावेत. माझा ठावठिकाणा त्यांना या चार ओळींवरूनच लागला. तेव्हा त्या चारच का आहेत, हे लिहिणे मला क्रमप्राप्त वाटते. त्यात मजा किती निघते ते वाचकांनी पाहावे.

निपाणीच्या तहसीलदार कचेरीसमोर, कंपाउंडच्या भिंतीला लागून, पत्र्याच्या छपराखाली माझे टेबल आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत. पुढे का झाले नाही, ती कारणे येथे अप्रस्तुत आहेत. मात्र पदव्या घेतलेल्या कित्येकांचे अर्ज मी लिहिले असून त्यांतील शब्दांचे अर्थ त्यांनाच समजावून सांगितले आहेत, हे नम्रपणे नमूद करतो.

अर्जनवीस म्हणजे छापील कागदावरच्या रिकाम्या जागा भरून देणारा, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. माणूस कचेरीच्या दारात येतो तेव्हा त्याच्यापाशी गाऱ्हाणे असते. कचेरीला गाऱ्हाणे चालत नाही. तिला विषय लागतो, संदर्भ लागतो, मागणी लागते. गाऱ्हाणे आणि मागणी यांच्यामध्ये जी जागा असते तेथे आम्ही टेबल टाकून बसतो. सीमाभागात या जागेला आणखी एक पायरी आहे. गाऱ्हाणे मराठीत येते आणि अर्ज कानडीत जातो.

यावर मी माझी एक पद्धत बसवली होती. पक्षकाराला समोर बसवून त्याचे सगळे ऐकून घ्यायचे आणि ते प्रथम मराठीत, लांब कागदावर, सविस्तर लिहायचे. याला मी ‘कच्चा’ म्हणतो. कच्चा पक्षकाराला मोठ्याने वाचून दाखवायचा. तो जोवर “व्हय, आसंच झालं” म्हणत नाही तोवर दुरुस्त करायचा. मग कचेरीला लागेल तेवढेच त्यातून वेचायचे आणि शेजारच्या टेबलावरील टंकलेखक बाबूअण्णांनी त्याचा एक पानी कानडी अर्ज टंकायचा. अर्जावर सही-अंगठा होऊन तो आत जातो. कच्चा मात्र माझ्यापाशी राहतो, फायलीत, दोऱ्याने ओवून. अर्ज कचेरीचा, कच्चा माझा, असा माझा हिशेब होता. भावाने उंबऱ्यावरून कसे परत पाठवले, शेजाऱ्याने कोणत्या शब्दांत अपमान केला, हे सगळे कच्च्यात असते. अर्जात त्यातले एक वाक्यही जात नाही. माझ्या लेखणीतून जे काही चांगले उतरले ते याप्रमाणे फायलींत पडून राहिले आणि ते वाचणारा कोणी नव्हता.

एकच होता. गल्लीतल्या दिव्याच्या खांबाबद्दल दरसाल तक्रार करणारे एक वृद्ध गृहस्थ. दिवा लागत नाही, हा पहिला अर्ज. पुढे दिवा लागू लागला तेव्हा उजेड थेट डोळ्यांवर येतो, हा दुसरा. शेवटी खांबच हलवला गेला. तरी ते येत राहिले.

“आता काय काम काढलंसा, आप्पा?” बाबूअण्णा त्यांना विचारत.

“काम न्हाय. गेल्या खेपंचं जरा वाचून दाखवा म्हणावं ह्यास्नी.”

मी फाईल काढून वाचत असे आणि ते डोळे मिटून ऐकत. स्वतःच्याच घरासमोरच्या अंधाराचे वर्णन ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मला कोणत्याही साहेबाच्या शेऱ्यापेक्षा मोठे वाटे. त्यांच्यामुळे माझा एक समज पक्का झाला. माझ्या कच्च्यांना वाचक मिळाले, तर लोक समोरच्या केंद्रात न जाता माझ्याकडे येतील.

समोरचे केंद्र म्हणजे रस्त्यापलीकडचे ऑनलाइन सेवा केंद्र. तेथे काचेआड एक मुलगी बसते. नाव, आधार क्रमांक, गाव विचारते, पडद्यावरच्या चौकटीत भरते आणि कागद काढून देते. काय झाले, कसे झाले, कोण काय बोलले, हे ती विचारत नाही. तिथे रांग लागते. माझ्या टेबलापुढचे बाक पूर्वी पुरत नसे. आता त्यावर बाबूअण्णांची पिशवी असते.

वास्तविक माझे संकेतस्थळ जुने होते. पुष्कळ वर्षांपूर्वी बेळगावच्या एका गृहस्थांकडून मी ते करून घेतले होते. आमच्या कचेरीपुढे संकेतस्थळ असलेला मी एकटाच, याचा मला अभिमान होता. त्या काळच्या मराठी अक्षरांचा साचा, म्हणजे फॉन्ट, वेगळा असे आणि तो ज्या यंत्रात असेल त्यातच मजकूर नीट दिसे. हे मला कोणी सांगितले नव्हते. बाबूअण्णांनी नवा मोबाईल घेतल्यावर माझे पान उघडले आणि टेबलावर माझ्यापुढे ठेवले. माझ्या नावाच्या जागी कंस, टिंबे आणि तुटकी इंग्रजी अक्षरे होती.

“हे बघा अर्जनवीस, तुमचं नाव. कुणीतरी शिव्या दिल्यागत दिसाय लागलंय.”

इतकी वर्षे लोक माझे नाव असे पाहत होते. ज्यांनी ते पान केले त्यांचा फोन लागला नाही, आणि त्यांच्या दुकानाच्या जागी चपलांचे दुकान निघाले. पान त्यांच्या हातात, नाव माझे. तेव्हा मी निश्चय केला की यापुढे संकेतस्थळ स्वतः करायचे. त्याकरिता शिकायला सोपे असे सॉफ्टवेअर निवडणे आवश्यक होते.

बेळगावला टिळकवाडीत माझे एक जुने पक्षकार राहतात. निवृत्त गणित शिक्षक, देसाई सर. मी त्यांची घरपट्टीची तक्रार लिहिली होती. ते स्वतःचे संकेतस्थळ स्वतः चालवतात आणि मुलांसाठी त्यावर गणिते घालतात. मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चहा दिला आणि वर्गात सांगावे तसे सांगितले.

“तीन जातीची असतात बघा. पहिल्या जातीत सगळं तुम्हीच लिहायचं. खुणांची एक भाषा असते, ती यावी लागते. ते तुम्ही सोडा. दुसऱ्यात सांगाडा तयार मिळतो, पण तो कसा उभा आहे हे शिकावं लागतं. तिसऱ्यात पानं आयती. बोट लावायचं, सरकवायचं, संपलं.”

“मी कोणतं घ्यावं?”

“वय काय हो तुमचं?”

“चौपन्न.”

“मग मधलं घ्या की. पंधरा दिवस जातील. शिकताना राग येईल. पण ते नडत नडत चालतं ना, त्यामुळं माणूस आपण लिहिलेलं दोनदा वाचतो.”

“तिसरं सोपं म्हणालात.”

“सोपं आहे. एका दुपारी येतं. पण त्यात मनात आलं की जगात गेलं. मध्ये कोणी नसतं.”

फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा ते आणखी एक बोलले. “घालायच्या आधी कुणाला तरी दाखवत जा. माझी गणितं मी आधी बायकोला दाखवतो. आठवड्याला एक तरी चूक काढते ती.”

मी मान डोलावली. मनात म्हटले, गणितात चूक निघते, त्याला इलाज नाही. माझ्या लिखाणात कोण काढणार.

सरांच्या सांगण्यावरून मधले सॉफ्टवेअर मी पाच दिवस शिकलो. घरी जुना संगणक होता. थीम, प्लगिन, विजेट, होस्ट. कचेरीतले फारशी, इंग्रजी आणि कानडी शब्द मी आयुष्यभर पचवत आलो आहे, पण हे घशाखाली उतरले नाहीत. एक बटण दाबले की दुसरे तीन पर्याय पुढे येत आणि प्रत्येक पर्याय मला अडाणी ठरवत असे. पाचव्या दिवशी मी काहीतरी अद्ययावत केले आणि सगळे पान कोरे झाले. त्यावर एक अक्षर उरले नाही. माझ्या वयाच्या, माझ्या मानाच्या माणसाने यंत्रापुढे इतके लाचार का व्हावे, असा प्रश्न मला पडला आणि मी तिसऱ्या जातीकडे वळलो.

ते मोबाईलवरही चालत होते. त्याने प्रथम विचारले, तुम्ही काय करता? पुढे यादी होती: बेकरी, फोटो स्टुडिओ, लग्नकार्य, योगवर्ग, हॉटेल. अर्जनवीस नव्हता. मी बेकरी निवडली, कारण त्यातले अक्षर मोठे आणि ठसठशीत होते. पान तयार झाले तेव्हा माझ्या नावामागे तीन मजली केक होता.

“वाढदिवस कुणाचा, अर्जनवीस?” बाबूअण्णा म्हणाले.

“काढता येतो तो. एक बोट लावलं की जातो.”

“काढू नगा की. केक बघून तरी गिऱ्हाईक येईल.”

केक काढला. काढायला शिकण्यासारखे काही नव्हतेच. बोट लावले, सरकवले, लिहिले. चुकले तर मागे जायचा बाण. माझे नाव मराठीत, जोडाक्षरासह, अखंड उमटले, आणि ते मी बराच वेळ पाहत राहिलो. खाली एक चौकट रिकामी होती. बेकरीवाल्याने तेथे आपल्या मालाचे फोटो घालावेत अशी ती योजना होती. मी तिला नाव दिले, ‘लेखनाचे नमुने’.

त्याच आठवड्यात शांताक्का आल्या.

शांताक्का पन्नाशीच्या. माहेर कोगनोळीच्या बाजूला एका खेड्यात, सासर संकेश्वरकडे. नवरा साखर कारखान्यात होता, वारला. मूलबाळ नाही. त्यांचे वडील त्या उन्हाळ्यात गेले आणि भावाने जमिनीला वारस लावण्याचा अर्ज केला. अर्जासोबतच्या वंशावळीत आई होती, भाऊ होता. शांताक्का नव्हत्या. कचेरीची नोटीस लागली होती. हरकत घ्यायची तर ठरलेल्या मुदतीत घ्यावी लागते, नाहीतर नोंद पक्की होते. उताऱ्यावर आपले नाव यावे, एवढीच त्यांची मागणी होती.

“जमीन न्हाय कसायची मला, अण्णा,” त्या म्हणाल्या. “मी काय तिकडं जाऊन नांगर धरनार व्हय? पन बाच्या कागदावर मी न्हायच म्हंजे काय? मला काय रस्त्यावरनं उचलून आनलंतं?”

“आई काय म्हणते?”

यावर त्यांनी बाबूअण्णांच्या टेबलाकडे पाहिले. ते जेवायला गेले होते. मग आवाज उतरवून त्यांनी सांगितले की दिवसकार्य झाल्यावर आई चुलीपुढे बसून त्यांना काय म्हणाली. ते मी कच्च्यात पुढीलप्रमाणे लिहिले: ‘आईने जाळ पुढे सारीत, माझ्याकडे न पाहता सांगितले की तुझ्या बापाने मरतेवेळी तुझे नाव घेतले होते, ओढ्याकडची पट्टी शांताची असे तो म्हणाला, मी ऐकले आहे, पण मला याच घरात भाकरी खायची आहे, म्हणून मी ऐकले असे कोणास सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस.’

वाक्य लिहून झाले तेव्हाच मला कळले होते की असे वाक्य माझ्या हातून पुन्हा उतरणार नाही. मी ते त्यांना वाचून दाखवले. शांताक्कांनी पदर तोंडाला लावला.

“व्हय. आसंच झालं.”

अर्थात कानडी अर्जात यातले काही येणार नव्हते. कचेरीला चूल नको असते. तेथे एवढेच जायचे की अर्जदार ही मयताची कायदेशीर वारस असून वंशावळीत तिचे नाव गाळले आहे. बाबूअण्णांनी तो अर्ज टंकूनही ठेवला. सही तेवढी राहिली.

“सही आज नगं,” शांताक्का म्हणाल्या. “येकदा आईला इचारून येत्ये. तिला न सांगता न्हाय करायची मी. मुदत हाय न्हवं अजून?”

“आहे. पण फार थांबू नका.”

“न्हाय थांबत. सोमवारच्या बाजाराला येत्ये.”

त्या गेल्या. मी कच्चा फायलीत लावला नाही. तो टेबलावरच, पेपरवेटखाली राहिला. दुपारी बाकावर कोणी नव्हते. समोर रांग होती. हातात मोबाईल होता आणि ‘लेखनाचे नमुने’ ही चौकट रिकामी होती.

येथे चतुःसीमेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. जमिनीचा गट क्रमांक कागदावर असतो, पण आकडा चुकू शकतो. म्हणून जमिनीचे वर्णन करताना तिच्या चारी दिशांना काय आहे ते लिहायचे, ही जुनी रीत आहे. पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक. ज्यांनी मला हा धंदा शिकवला ते म्हणत की चतुःसीमा नसलेला अर्ज म्हणजे चौकट नसलेले दार. मी कधीही, एखाद्या साध्या दाखल्याच्या कच्च्यातही, चतुःसीमा लिहिल्यावाचून राहिलो नाही. माझ्या अक्षराची ती ओळख होती.

मी शांताक्कांचा कच्चा मोबाईलवर उतरवून काढला. गुप्ततेचे भान मला होते. नाव काढले. भावाचे नाव काढले, गावाचे काढले, गट क्रमांक काढला. अर्जदार म्हणून ‘अ. ब. क.’ लिहिले. चतुःसीमा ठेवली. ती काढावी हे मनातही आले नाही. ती काढली असती तर नमुना उघडा-बोडका दिसला असता, आणि मला माझे काम दाखवायचे होते. पूर्वेस ओढा, पश्चिमेस देवस्थानची जमीन, दक्षिणेस विटांची भट्टी, उत्तरेस चुलत्याचा मळा. हे लिहिताना मी त्या चारही दिशा आता बदलून लिहिल्या आहेत. तेवढे मी शिकलो आहे.

‘प्रसिद्ध करा’ असे एक निळे बटण होते. मी ते दाबले. पडद्यावर वरून रंगीत कागदाचे कपटे पडले आणि अभिनंदनाचा शब्द उमटला. कोणीही काही विचारले नाही. बेळगावचे ते गृहस्थ, चपलांच्या दुकानाआधीचे, निदान एवढे तरी विचारत असत की हे कोणाचे आहे.

त्यानंतरचे चार दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते, हे मी लपवणार नाही. पानाचा दुवा मी ओळखीच्या सर्वांना पाठवला. त्यांनी पुढे पाठवला. सौंदत्तीच्या एका मुख्याध्यापकांनी फोन करून सांगितले की चुलीपुढचे ते वाक्य त्यांनी घरात वाचून दाखवले. चिकोडीहून एक गृहस्थ केवळ मला पाहायला आले आणि चहा पाजून गेले. बाबूअण्णांनी स्वतःचे स्टूल ओढून पूर्ण कच्चा वाचला, काही बोलले नाहीत आणि बाकावरची पिशवी उचलून आपल्या टेबलाखाली ठेवली. त्या मौनाचा अर्थ मी कौतुक असा घेतला.

सोमवारी बाजार होता. शांताक्का आल्या नाहीत. मंगळवारी एक पन्नाशीकडे झुकलेला, पांढऱ्या शर्टातला मनुष्य माझ्या बाकावर येऊन बसला. घाईत नव्हता. त्याने मोबाईल काढला.

“तुमचंच न्हवं हे?”

“होय. काय काम होतं आपलं?”

“लई चांगलं लिवतायसा, अण्णा. आमच्या गावात समद्यांनी वाचलं. कट्ट्यावर येक पोरगं मोठ्यानं वाचत हुतं. पूर्वेला वढा, पश्चिमेला देवाची जमीन, दक्षिणेला भट्टी. समदी माझ्याकडं बघाय लागली. नाव तेवढं ऱ्हायलंय बघा घालायचं.”

मी म्हणालो, “तो नमुना आहे. काल्पनिक आहे.”

माझ्या व्यवसायात मी अतिशयोक्ती पुष्कळ केली आहे, ती करावी लागते. पण पक्षकाराच्या कामात धादांत खोटे मी त्या दिवशी प्रथम बोललो. तो हसलाही नाही.

“काल्पनिक,” तो म्हणाला. “मग आमच्या आईनं चुलीम्होरं काय सांगितलं, ते बी काल्पनिकच म्हना की. मी आईला इचारलं. ती म्हनती, मी असं काय बोल्लेच न्हाय. पोरगीच खोटं सांगती म्हनती.”

तो उठला. बाबूअण्णांना नमस्कार केला, मला केला नाही, आणि मोटारसायकलवर बसून गेला.

मी ताबडतोब पान काढायला घेतले. तेव्हा मात्र त्या सॉफ्टवेअरला विचारायचे सुचले. हे पान कायमचे काढायचे आहे का? नक्की? काढल्यावर परत आणता येणार नाही. दोनदा विचारले. जे घालताना एकदाही विचारले नाही ते काढताना दोनदा विचारणे, ही सोपेपणाची कोणती जात आहे, ते देसाई सरांना विचारायचे राहून गेले आहे. पान गेले आणि संकेतस्थळावर नाव, धंदा, जागा, वेळ या चार ओळी तेवढ्या उरल्या. परंतु लोकांनी त्याचे फोटो काढून ठेवले होते आणि ते फिरतच राहिले.

“शांताक्कांना कळवावं का?” मी बाबूअण्णांना विचारले.

“त्यांना काय कळायचं ऱ्हायलंय?” टंकयंत्रावरून मान वर न करता ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “मी वाचलं तवाच वाटलंतं, नाव नसलं तरी चतुःसीमेवरनं गावातल्या कुनालाबी जमीन कळनार. आमची आत्या दिलीय त्या गावात.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमी कवा इचारलासा?”

शांताक्का त्यानंतर आठवड्याने आल्या. मुदत तेव्हाही दोन दिवस शिल्लक होती. टंकलेला कानडी अर्ज मी ड्रॉवरमधून काढून त्यांच्यापुढे ठेवला, शाईचा पॅड उघडला. त्यांनी हात पुढे केला नाही.

काय झाले ते त्यांनी थोडक्यात सांगितले. भाऊ, गावातली दोन मोठी माणसे आणि आई, असे जीप करून त्यांच्या घरी संकेश्वरला आले. आई दारातच बसली, आत आली नाही. भावाने मोबाईलमधले वाचून दाखवले. मग म्हणाला की आईने हे सांगितले असेल तर आई आजपासून तुझी, ठेवून घे. सांगितले नसेल तर तू खोटी. आई खाली बघत बसली होती. त्या म्हातारीला त्या वयात लेकीच्या दारात पडू द्यायचे, की आपण खोटे ठरायचे, असा पेच होता.

“मी म्हनलं, मी खोटं सांगितलं,” शांताक्का म्हणाल्या. “मग दुसऱ्या दिवशी सबरजिस्टर हापिसात नेऊन हक्कसोड करून घेतलं. सही केली मी.”

“जबरदस्तीनं?”

“न्हाय. गुमान केली. आई घरला जायाला पायजे हुती.”

मी त्यांना सांगू लागलो की हक्कसोडपत्राविरुद्धही दाद मागता येते, दबावाखाली सही झाली असे लिहिता येते, बेळगावला चांगले वकील आहेत, कच्चा मी स्वतः, काही न घेता, लिहून देईन. त्यांनी ते ऐकून घेतले. बाकाच्या काठावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर.

“ते काढलंसा म्हनं मोबाईलमधनं.”

“त्याच दिवशी काढलं, आक्का. मी नावं घातली नव्हती. एकाचंही नाही.”

“व्हय. मी ऐकलं की. त्यानं समदं वाचून दाखवलं. तुमी माझ्याम्होरं वाचलं तवा नुसतं रडू आलंतं. तिथं आईम्होरं ऐकलं तवा कळलं, किती चांगलं लिवलंय ते.” त्यांनी मांडीवरची पिशवी सारखी केली. मग अगदी साध्या आवाजात, काही चौकशी करावी तशा, म्हणाल्या, “येवढं चांगलं लिवायला कुनी सांगितलंतं, अण्णा? मी नाव लावा म्हनलंतं नुसतं.”

मी शाईचा पॅड मिटला.   त्यांनी कानडी अर्ज उचलला, त्यावरची अक्षरे त्यांना वाचता येत नव्हती, तरी वरपासून खालपर्यंत पाहिला, आणि नीट घडी घालून परत माझ्यापुढे ठेवला.

समोरच्या केंद्राबद्दल मी पूर्वी पुष्कळ बोलत असे. संतापून लिहीतही असे. तेथे माणसाला माणूस समजत नाहीत, त्याचे ऐकून घेत नाहीत, नुसत्या चौकटी भरतात, हे माझे ठाम मत होते. कचेरीपुढच्या सगळ्यांना ते पाठ आहे.

गेल्या महिन्यात शांताक्का निपाणीला आल्या होत्या. विधवा वेतनाचे, म्हणजे पेन्शनचे, काही काम असावे; ती कामे त्या बहुधा इकडेच करून घेतात. माझ्या टेबलासमोरून त्या गेल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो. त्यांनी “बरं हाय न्हवं, अण्णा?” असे विचारले आणि रस्ता ओलांडून रांगेत उभ्या राहिल्या. मी येथून पाहत होतो. काचेआडच्या मुलीने नाव विचारले, त्यांनी सांगितले. आधारचा कागद मागितला, त्यांनी दिला. आणखी काहीतरी एका शब्दात विचारले, त्यांनी एका शब्दात सांगितले. मुलीने वर पाहिलेही नाही. यंत्रातून कागद निघाला, तो शांताक्कांनी पिशवीत ठेवला आणि बसस्टँडच्या दिशेने चालू लागल्या.

सगळे मिळून पाच मिनिटे लागली असतील. त्या पाच मिनिटांत त्यांच्या घराबद्दल त्यांना कोणी काही विचारले नाही.